गलका आधी की भाव आधी?

नौपाडाकर | शनिवार, सकाळी ९:१०

आमच्या बी विंगचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे. नाव 'बी विंग – पाणी, पार्किंग व इतर'. गेली तीन वर्षं पाणी आणि पार्किंग नावापुरतं उरलंय, 'इतर'नेच सगळं घर व्यापलंय. इतर म्हणजे शेअर. सकाळी सव्वानऊला बाजार उघडायच्या आत कुणीतरी रॉकेटचं चित्र टाकतं, साडेतीनला बाजार बंद झाला की कुणी किती कमावले त्याच्या गप्पा. मधल्या वेळात टाकीचा व्हॉल्व्ह कुणी बंद केला यावरून भांडण.

मागच्या वर्षी ग्रुपला एका शेअरचं वेड लागलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर धागा उडेल, आणि नाही उडाला तर तो शेअर पुन्हा हलेल. बीएसईवरची लहानशी कंपनी, एरवी दिवसाला जेमतेम काही हजार शेअर इकडचे तिकडे व्हायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या एकाने कुठल्याशा टेलिग्राम चॅनलवरून टीप आणली आणि दोन आठवड्यांत लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण 'घेतला का?' विचारायला लागला. दूधवाल्यानेसुद्धा विचारलं.

पुढे काय झालं ते सांगायची गरज नाही. मला सांगायचंय ते वेगळंच. निवृत्त माणसाला वेळ बराच असतो. दिवाळीनंतर मी ग्रुपवरचा सगळा संवाद एका फाइलमध्ये उतरवला, बीएसईच्या त्या काळातल्या रोजच्या भावकॉप्या (दिवसाच्या भावांचे तक्ते) काढल्या आणि वहीत रकाने आखले. एकात त्या शेअरबद्दल त्या दिवशी आलेले मेसेज, शेजारी भाव आणि उलाढाल. हिला वाटलं मी मेंटेनन्सचे हिशेब तपासतोय.

वहीत दिसलं ते असं. ग्रुपवर पहिला मेसेज पडला तोवर शेअरला सलग सहा दिवस वरचं सर्किट (एका दिवसात भाव चढायची ठरलेली कमाल मर्यादा) लागून झालं होतं. पाच-पाच टक्क्यांची सहा, म्हणजे आमच्या जिन्यापर्यंत पोचेस्तोवर तो एक तृतीयांशाने महाग झालेला. सगळ्यात जास्त मेसेज, ६३, ज्या दिवशी आले त्याच दिवशी सर्किट उघडलं, म्हणजे विकणारे पुढे आले, आणि वर्षातली सर्वात मोठी उलाढाल झाली. दुसऱ्या दिवसापासून खालची सर्किटं, ओळीने अकरा. आणि या अकरा दिवसांत ग्रुपवर त्या शेअरबद्दल मेसेज किती? चार. एक 'होल्ड करा', एक नुसते जोडलेले हात, दोन चुकून पडलेले. लोक परत टँकरवर बोलायला लागले होते.

'सोशल मीडियाचा मूड ओळखा, बाजार ओळखता येईल' असं हल्ली जिथे तिथे वाचतो. योहान बोलेन या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ट्विटरवरच्या लोकांच्या मनःस्थितीवरून अमेरिकेच्या डाऊ जोन्स निर्देशांकाची दिशा सुमारे ८७ टक्के वेळा बरोबर सांगितली होती, हा दाखला हमखास असतो. माझी वही मात्र उलटं सांगतेय. आधी भाव हलतो, मग गलका होतो. आणि भाव पडतो तेव्हा तर गलका होतच नाही.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. टिपा नकोत.

---

चहाबिस्कीट | ९:२२

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). पहिल्या बाकावर रुमाल टाकून ठेवतो.

---

घोडबंदर_जाम | ९:४०

काका, लेख छान, पण एका जिन्यावरून जगाचा निष्कर्ष काढताय. ट्विटने बाजार हलतो याचा धडधडीत पुरावा आहे. २३ एप्रिल २०१३, असोसिएटेड प्रेसचं ट्विटर खातं हॅक झालं आणि व्हाइट हाउसमध्ये स्फोट होऊन ओबामा जखमी झाल्याचं ट्विट पडलं. डाऊ काही मिनिटांत दीडशेच्या आसपास अंकांनी कोसळला. इथे भाव आधी कुठे होता? ट्विट आधी, भाव नंतर. बातम्या वाचून सौदे करणाऱ्या संगणकांनी माणसाच्या आधी विकलं.

आपल्याकडचं घ्या. २८ सप्टेंबर २०१८, इन्फिबीम. कंपनीच्या हिशेबांबद्दल शंका घेणारा एक व्हॉट्सॅप मेसेज फिरला आणि शेअर एका दिवसात ७० टक्क्यांच्या आसपास पडला. सत्तर! एका मेसेजने.

(कापूरबावडीला अडकलोय, म्हणून एवढं टाइप करायला वेळ मिळाला.)

---

ऐरोलीचा_पायथन | १०:३५

माझं पोट याच कामावर चालतं, म्हणून सविस्तर लिहितो. ऐरोलीत एका कंपनीत आम्ही बातम्या आणि पोस्टी वाचून त्यांना गुण देणारी यंत्रणा सांभाळतो.

आधी ते ८७ टक्के. मूळ लेखात मॉडेलची परीक्षा घेतली ती डिसेंबर २००८ मधल्या १५ सौद्यांच्या दिवसांवर. पंधरापैकी तेरा बरोबर आले की ८६.७ टक्के होतात. म्हणजे जगभर फिरणारा तो आकडा तीन आठवड्यांचा आहे, तोही लेहमन ही अमेरिकी बँक बुडाल्यानंतरच्या, कुठल्याच सामान्य काळासारख्या नसलेल्या डिसेंबरमधला. शिवाय त्यांना आनंद-दुःख उपयोगी पडलंच नव्हतं. सहा मनःस्थिती मोजल्या, त्यातली 'शांतपणा' तेवढी कामाची निघाली, आणि ती तीनेक दिवस आधी. लंडनमध्ये या कल्पनेवर एक फंडही निघाला होता. फार चालला नाही.

यापेक्षा जुना पण मला जास्त पटणारा अभ्यास अँटवायलर आणि फ्रँक यांचा, २००४ चा. याहू फायनान्स आणि रेजिंग बुल या चर्चास्थळांवरचे १५ लाख मेसेज, ४५ कंपन्या. निष्कर्ष साधारण असा: गप्पांवरून उद्या भाव वर जाईल की खाली, हे सांगणं जवळजवळ अशक्य. जे काही हाती लागतं ते इतकं बारीक की दलालीतच जिरेल. पण भाव किती *हेलकावे* खाईल आणि किती उलाढाल होईल, हे मात्र गप्पांवरून बऱ्यापैकी कळतं. लोकांचं जितकं एकमेकांशी पटत नाही तितकी उलाढाल जास्त.

आता आमच्या कामातली गोम. यंत्राला भाषा कळायला हवी ना. पूर्वी सर्वसाधारण शब्दकोश वापरायचे. लॉक्रन आणि मॅक्डॉनल्ड यांनी २०११ मध्ये दाखवलं की हार्वर्डच्या कोशात 'नकारात्मक' म्हणून नोंदलेल्या शब्दांपैकी सुमारे तीन चतुर्थांश शब्द कंपन्यांच्या अहवालांत नकारात्मक नसतातच. कर, खर्च, देणी हे तर रोजचे शब्द! इंग्रजीची ही कथा, मग मराठीचं विचारू नका. मराठी ट्विटांतल्या भावना ओळखण्यासाठी पुण्याच्या एल३क्यूब या गटाने २०२१ मध्ये सुमारे १६ हजार ट्विटांचा संच केला, तो मोठाच आधार आहे. पण आमच्या यंत्राला 'वा! काय रिझल्ट लावलाय, डोळे पाणावले' हे वाक्य दिलं की ते हर्षभरित होऊन हिरवा दिवा लावतं. 'लागली वाट' आणि 'लागली लॉटरी' यात त्याला काही दिवस फरकच कळत नव्हता.

काका, तुमच्या वहीत एक चूक आहे, रागावू नका. तुमचा जिना म्हणजे गलका नव्हे, गलक्याचं शेवटचं टोक. ज्या टेलिग्राम चॅनलवरून टीप आली तिथला पहिला मेसेज कधीचा होता? तो सापडल्याशिवाय आधी कोण, नंतर कोण, हे ठरत नाही. आणि ६३ पैकी फॉरवर्ड किती, स्वतः लिहिलेले किती, लिहिणारे किती जण, हे वेगवेगळं मोजा. एकाच माणसाचे तीस मेसेज असतील तर तो ग्रुपचा मूड नाही, त्या माणसाचा आहे.

---

रिंगमधला | ११:१५

मी १९८० पासून जीजीभॉय टॉवरच्या रिंगमध्ये, म्हणजे बीएसईत ओरडून सौदे व्हायचे त्या हॉलात, एका जॉबरकडे (दिवसभर घेऊन-विकणाऱ्याकडे) होतो, १९९५ ला संगणकावर सौदे करायची बोल्ट यंत्रणा आली आणि ओरडणं बंद झालं तोपर्यंत. आता मुक्काम मानपाडा, नातवाला शाळेत सोडणे हा व्यवसाय.

पायथनसाहेब, तुम्ही ज्याला सेंटिमेंट म्हणता ते आम्ही कानाने मोजत होतो. रिंगमध्ये एखाद्या कोपऱ्यात आवाज चढला की न बघता कळायचं कुठला शेअर आहे ते. तेव्हाही अफवा असायच्या, फक्त त्यांना पाय असायचे. रिंगमधून चहाच्या टपरीवर, टपरीवरून बोरीबंदरला, तिथून संध्याकाळच्या गाडीने ठाण्याला. ठाण्याच्या माणसाने दुसऱ्या दिवशी दलालाला फोन लावेपर्यंत टपरीवाल्याने विकून टाकलेलं असायचं. आज गाडी लागत नाही एवढाच फरक. ठाणेकराला वाटतं आपल्याला लगेच कळलं. त्याला आजही शेवटीच कळतं.

एक साधी गोष्ट कुणी बोलत नाही. ज्याच्याकडे लाखभर शेअर आहेत त्याला ते विकायचे तर लाखभर शेअर घेणारे हवेत. ज्या शेअरमध्ये दिवसाला हजार-दोन हजारांचं काम होतं तिथे हे घेणारे आणायचे कुठून? म्हणून गलका *करावा* लागतो. पूर्वी वर्तमानपत्रातल्या कोपऱ्यातल्या चार ओळी, मग २०१७ च्या सुमारास गठ्ठ्याने येणारे एसएमएस, आता टेलिग्राम आणि यूट्यूब. आधी आपसात घेऊन-देऊन भाव वर चढवायचा, सर्किटांची माळ लावायची. माळ बघून लोक जमतात. सर्किट उघडलं की माल खपवायचा. काकांच्या वहीत ६३ मेसेज आणि सर्वात मोठी उलाढाल एकाच दिवशी पडली, याचं मला काडीचं आश्चर्य नाही. तो वाटपाचा दिवस होता.

हे माझ्या मनचं नाही. बाजाराची नियामक सेबी, तिचा साधना ब्रॉडकास्ट कंपनीबद्दलचा आदेश वाचा, २ मार्च २०२३ चा. अदानी समूह ही कंपनी घेणार, अमेरिकेच्या बड्या कंपनीकडून चार भक्तिपटांसाठी ११०० कोटी येणार, असले व्हिडिओ यूट्यूबवर टाकले, वर जाहिरातीचे पैसे मोजून ते लोकांपुढे ढकलले. छोटे भागधारक २,१६७ चे ५५,३४३ झाले. आणि त्याच वेळी प्रवर्तकांपैकी काहींनी आपला माल विकला. मे २०२५ मध्ये अंतिम आदेश आला, एक ते पाच वर्षं बंदी वगैरे. त्या पंचावन्न हजारांना काय मिळालं ते विचारू नका.

---

घोडबंदर_जाम | ११:२८

मान्य. पण इन्फिबीमचं काय? तिथे कुणी माल खपवत नव्हतं.

(अजून कापूरबावडी.)

---

ऐरोलीचा_पायथन | ११:५०

जाम, तुमच्या दोन उदाहरणांतच उत्तर आहे. एपीचं ट्विट खोटं निघालं आणि बाजार काही मिनिटांत होता तिथे परत आला. कारण व्हाइट हाउस उभं आहे की नाही हे कुणालाही दोन मिनिटांत बघता येतं. इन्फिबीमच्या मेसेजमधला प्रश्न होता उपकंपनीला दिलेल्या बिनव्याजी कर्जाचा. हो की नाही हे बसल्या जागी कुणाला ठरवता येणार? ज्याची शहानिशा पटकन होत नाही ती अफवा मुरते.

आणि उलटा सापळाही आहे. जून २०२१, रोनाल्डोने पत्रकार परिषदेत कोकच्या बाटल्या बाजूला सारल्या आणि 'रोनाल्डोमुळे कोका-कोलाचे चार अब्ज डॉलर बुडाले' असं जगभर छापून आलं. त्या दिवशी तो शेअर लाभांशाच्या हिशेबात एक्स-डिव्हिडंड झाला होता (म्हणजे त्या दिवसापासून घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही, म्हणून भाव तेवढा उतरतोच), आणि बरीचशी घसरण रोनाल्डो खुर्चीत बसायच्या आधीच झाली होती. आपल्याला गोष्ट आवडते, म्हणून घसरणीला रोनाल्डो चिकटवला.

ओला इलेक्ट्रिकचंही तसंच. ७ ऑक्टोबर २०२४ ला शेअर जोरात पडला, आदल्या दिवशी कुणाल कामराशी मालकांचं एक्सवर भांडण झालं होतं. सगळे म्हणाले ट्विटने पाडला. त्या दिवशी सेन्सेक्सही सहाशेच्या वर पडला होता, आणि स्कूटर दुरुस्तीच्या तक्रारी आधीपासून साचलेल्या होत्या. यात ट्विटचा वाटा किती? काही असेलच, पण कितवा हिस्सा ते छातीठोकपणे सांगणारा माणूस दिसला तर मला कळवा, आमच्याकडे जागा रिकामी आहे.

---

डायमंड_हँड्स_खारघर | १२:२०

सगळे काका लोक जमलेत वाटतं 😄 गेमस्टॉप विसरलात का? जानेवारी २०२१ च्या सुरुवातीला १७ डॉलरचा शेअर, २७ तारखेला बंद भाव ३४७. रेडिटवरच्या सामान्य पोरांनी फंडवाल्यांना रडवलं. तिथे कुठला भाव चढवणारा ऑपरेटर होता?

---

ऐरोलीचा_पायथन | १२:३१

तिथे मूडपेक्षा गणित मोठं होतं. बाजारात फिरणाऱ्या शेअरांपेक्षाही जास्त शॉर्ट झालेले होते, म्हणजे भाव पडेल या हिशेबाने उसने घेऊन विकलेले. भाव चढला की शॉर्टवाल्यांना नुकसान सोसून परत विकत घ्यावेच लागतात, त्याने भाव आणखी चढतो.

---

डायमंड_हँड्स_खारघर | १२:४४

मी पण असंच समजायचो. मग एसईसीचा (अमेरिकेच्या बाजार नियामकाचा) ऑक्टोबर २०२१ चा अहवाल वाचला. त्यात म्हटलंय की शॉर्टवाल्यांची खरेदी एकूण खरेदीचा लहानसाच भाग होती, आणि भाव आठवडेच्या आठवडे वर टिकला तो लोकांच्या सकारात्मक भावनेने केलेल्या खरेदीमुळे. म्हणजे मूडच की हो सर.

---

ऐरोलीचा_पायथन | १२:५२

हा मुद्दा तुझा. टोपी काढली.

---

रिंगमधला | १:०५

पोरा, वाचतोस हे बरं आहे. आता तोच शेअर १९ फेब्रुवारीला कितीला होता तेही सांग. चाळीसच्या आसपास. तीनशेला घेणारी पोरंच होती ना?

आणि अमेरिकेची गोष्ट इथे लावताना एक विसरू नका. आपल्याकडे रोखीच्या बाजारात साध्या माणसाने सकाळी शॉर्ट केलं तर संध्याकाळच्या आत पुरं करावं लागतं. शेअर उसने घ्यायची सोय कागदावर २००८ पासून आहे, पण लहान कंपन्यांत तिचा पत्ता नाही. वायदा आहे तो दोनशेच्या आसपास कंपन्यांत. म्हणजे काकांच्या त्या शेअरबद्दल शंभर जणांना वाटलं की हा फुगा आहे, तरी ते काही करू शकत नाहीत. गप्प बसण्यापलीकडे त्यांना मतच देता येत नाही. ज्याला वाटतं चढेल तोच फक्त मत देतो. एकाच बाजूच्या लोकांना मतपत्रिका दिल्यावर निकाल काय लागणार?

---

नौपाडाकर | १:३०

रिंगमधले काका, हे डोक्यात आलंच नव्हतं. म्हणजे ग्रुपवर जशी फक्त चढती बाजू बोलते तशी भावातही तीच बोलते. शंकेखोर माणूस दोन्हीकडे मुका.

पायथन, फॉरवर्डचं बरोबर आहे. पुन्हा मोजतो.

---

मीरा_तुर्भे | २:१५

आमचं वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाट्यात खातं आहे, सासऱ्यांच्या वेळेपासून. शेअरमधलं कळत नाही, पण अफवेने भाव कसा हलतो ते रोज बघते.

७ डिसेंबर २०२३ ला रात्री कांद्याच्या निर्यातबंदीची अधिसूचना निघाली. त्याआधी कितीतरी दिवस 'बंदी येणार' आणि 'बंदी येणार नाही' असे दोन्ही मेसेज एकाच ग्रुपवर, कधी कधी एकाच माणसाकडून. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं तेव्हाही तेच झालं होतं. व्यापारी फोनवर, शेतकरी फोनवर, आणि दोघांच्या हातात तोच मेसेज.

पण एक फरक आहे. आमच्याकडे पहाटे गाड्या येतात. किती गाड्या लागल्या, माल ओला की सुका, ते डोळ्यांनी दिसतं. रात्री ग्रुपवर कितीही आग लागू दे, पहाटे शंभर गाड्या जास्त आल्या की भाव खाली येतोच. माथाडी पोरांना आमच्या आधी कळतं. तुमच्या त्या शेअरची गाडी कुठे लागते? कुणी कधी कंपनीचा कारखाना बघून आलं का?

---

चहाबिस्कीट | २:२०

+१०१. धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

---

रिंगमधला | २:४०

मीराताई, गाडीच नव्हे, कधी कधी कंपनीत तो धंदासुद्धा नसतो. एप्रिल २०२१ आठवा, ऑक्सिजनसाठी लोक रस्त्यावर धावत होते. तेव्हा बॉम्बे ऑक्सिजन इन्व्हेस्टमेंट्स नावाचा शेअर दहा हजारांच्या आसपास होता तो काही दिवसांत चोवीस हजारांवर गेला. कंपनीने गॅस बनवणं ऑगस्ट २०१९ मध्येच बंद केलं होतं. तिचं काम आता गुंतवणुकीचं. पण नावात ऑक्सिजन होता.

अमेरिकेत जानेवारी २०२१ मध्ये मस्क यांनी 'सिग्नल वापरा' असं ट्विट केलं. त्यांना ते मेसेज पाठवायचं ॲप म्हणायचं होतं, जे बाजारात नोंदलेलंच नाही. लोकांनी सिग्नल ॲडव्हान्स नावाच्या भलत्याच लहान कंपनीचे शेअर घेतले. एका डॉलरच्या आतला शेअर तीसच्या वर गेला.

---

संपादक मंडळ | ३:००

धाग्यावर दोन प्रतिसाद उडवले आहेत. कुठल्याही शेअरची 'आत्ता घ्या / विका' अशी शिफारस, टेलिग्राम दुवे, 'व्यक्तिगत निरोपात टार्गेट देतो' हे चालणार नाही. सेबीकडे नोंदणी असलेल्यांनीही इथे सल्ला देऊ नये. चर्चा चांगली चाललीय, चालू द्या.

---

उलवेकरीण | ४:२५

बरेच दिवस वाचनमात्र होते. काकांनी ते 'अकरा दिवसांत चार मेसेज' लिहिलंय ना, तिथे थांबले.

आमच्याही ग्रुपवर असाच एक होता, मैत्रिणींचा ग्रुप. मी एक लाख चाळीस हजार घातले होते. रोज सकाळी सव्वानऊला उघडून बघायचे, विकायला टाकायचे, समोर घेणारा कुणीच नाही. खालचं सर्किट म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. दार उघडंच होत नाही. आणि ग्रुपवर कुणी एक शब्द बोलत नव्हतं. मला वाटायचं बाकी सगळ्या वेळेवर सुटल्या, मीच एकटी अडकले. म्हणून मीही बोलले नाही. आठ महिन्यांनी हळदीकुंकवाला कळलं की आम्ही सात जणी होतो.

काका, एक विचारू? तुम्ही घेतला होतात का?

---

ठोकपाल | ४:३१

फुकटच्या टिपेवर दीड लाख लावायचे आणि मग रडायचं. लोभ, दुसरं काय.

---

मीरा_तुर्भे | ४:३६

ठोकपाल, कुणी धीर करून लिहिलं की लगेच असं बोलणारे असतात, म्हणूनच ते अकरा दिवस शांत असतात. कळलं ना आता?

---

घोडबंदर_जाम | ५:१०

ताईंना पाठिंबा. सुटलो बरं का एकदाचा, घरी पोचलो.

अवांतर नाही, प्रश्न आहे: सेबीने अफवांबद्दल काही नियम केला होता ना? कंपनीने २४ तासांत खुलासा करायचा असा?

---

रिंगमधला | ५:४५

केला आहे. १ जून २०२४ पासून पहिल्या १०० कंपन्या, १ डिसेंबरपासून २५०. अफवेने भाव ठरावीक मर्यादेपलीकडे हलला तर २४ तासांत हो, नाही किंवा काय ते सांगायचं. पण दोन गोष्टी बघा. अफवा मुख्य प्रवाहातल्या माध्यमांतली हवी, टेलिग्राम आणि व्हॉट्सॅप त्यात धरत नाहीत. आणि कंपनी पहिल्या २५० मधली हवी. काकांच्या जिन्यातला शेअर त्या यादीच्या हजारभर पायऱ्या खाली असेल. जिथे आग जास्त लागते तिथे अजून बंब जात नाही.

शिकवणाऱ्यांवर मात्र जानेवारी २०२५ मध्ये चाप लावला. नुसतं 'शिक्षण' देतो म्हणणाऱ्याने गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरून शिकवायचं नाही. चांगला नियम. आमच्या बागेत सकाळी चालायला येणारे एक गुरुजी त्या दिवसापासून फार उदास आहेत.

---

ऐरोलीचा_पायथन | ६:२०

उलवेकरीण ताईंनी लिहिलेलं वाचून आमच्या कामातली एक चूक लख्ख दिसली. आम्ही मेसेज मोजतो. जो मेसेज लिहिलाच गेला नाही तो मोजायची सोय नाही. चढताना शंभर आणि पडताना चार, याची सरासरी काढली तर यंत्र म्हणतं 'एकंदर मूड चांगला'! सोमवारी ऑफिसात हे मांडतो: जिथे रोज गलका असायचा तिथे अचानक शांतता झाली, तर तीच खूण धरायची.

बार्बर आणि ओडीन या संशोधकांचं एक निरीक्षणही इथे बसतं. घ्यायला हजारो शेअर असतात, म्हणून माणूस नजरेत भरलेलाच घेतो. विकायला मात्र स्वतःकडचे चार-पाचच असतात. त्यामुळे गलका झाला की घेणारे वाढतात, विकणारे तेवढे वाढत नाहीत. अमेरिकेतल्या रॉबिनहूड या शेअर घ्यायच्या ॲपवरच्या सौद्यांचा त्यांनी नंतर अभ्यास केला, तेव्हा ज्या शेअरवर एका दिवशी सर्वात जास्त झुंबड उडाली त्यांनी पुढच्या महिनाभरात सरासरीने पैसे घालवलेच.

---

डायमंड_हँड्स_खारघर | ६:४०

मग गलका बघून उलटं करायचं ना? झुंबड दिसली की विकायचं.

---

रिंगमधला | ६:४४

आधी तुझ्याकडे असायला हवा, बाळा.

---

नौपाडाकर | रात्री ९:५०

दुपारपासून मोजत बसलो होतो. ६३ पैकी ४१ फॉरवर्ड, बरेचसे एकच चित्र पुन्हा पुन्हा. स्वतः लिहिलेले २२, लिहिणारे सात जण. त्या टेलिग्राम चॅनलवर तिसऱ्या मजल्याला घेऊन जाऊन बघितलं. तिथले त्या महिन्याचे सगळे मेसेज पुसलेले आहेत. म्हणजे पायथन, तुमचा प्रश्न तसाच राहिला.

उलवेकरीण, तुमचा प्रश्न दुपारीच वाचला होता. उत्तर टाळत होतो.

घेतला होता. बाराशे शेअर, त्याच ६३ च्या दिवशी, सकाळी. आणि त्या सात जणांतला एक मी आहे. ११:४० ला माझा मेसेज आहे: 'अजून दम आहे. दोनशे पार.' दम आहे हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. घेतल्यावर तसं वाटायला लागलं, एवढंच. १२:०५ ला दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलंय, 'घेऊ का?' त्यावर तीन अंगठे आहेत. पहिला माझा.

सकाळी मी लिहिलं की वेळ होता म्हणून वही आखली. तसं नाही. काकूंना त्यात पैसे घालायला कुणी सांगितलं ते मला बघायचं होतं. ते कुणा दुसऱ्याचं नाव निघालं असतं तर बरं वाटलं असतं.

---

उलवेकरीण | १०:०२

काकूंना सांगितलंत?

---

नौपाडाकर | १०:२०

नाही अजून. मघाशी जिन्यात भेटल्या. उद्या टँकर किती वाजता येणार ते विचारत होत्या.